‘की’च्या आधी की नंतर? स्वल्पविरामाबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत लिहायचं काम तुमच्याकडे आलं आहे. साहेब म्हणतात, ‘वाचताना जिथे दम घ्यावा लागतो तिथे स्वल्पविराम द्या.’ मैत्रीण म्हणते, तो ‘की’च्या आधी द्यायचाच. शाळेत मात्र तुम्हाला तो ‘की’च्या नंतर द्यायला शिकवलं होतं. यातलं खरं कोणाचं? सोबत तुम्ही अहवालातलं हे एक वाक्य दिलं आहे:

‘संस्थेने मागील वर्षी, कर्ज दिलेल्या सभासदांपैकी, थकबाकीदारांना, नोटिसा पाठवल्या असून, संचालक मंडळाने असा निर्णय घेतला की, जे सभासद हप्ते भरणार नाहीत त्यांच्यावर, कायदेशीर कारवाई केली जाईल.’

सहा स्वल्पविराम आहेत, आणि या वाक्यात जी एकच खरी शंका येते ती एकानेही मिटलेली नाही. ती कोणती ते शेवटी सांगतो. मी तीसेक वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासतो आहे. अनुभव असा की कमी स्वल्पविरामांनी वाक्य क्वचित बिघडतं, जास्तीने रोज बिघडतं.

आधी नियमांचं बोलू. ‘शुद्धलेखनाचे नियम’ म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते साहित्य महामंडळाचे १८ नियम, १९६२ सालचे १४ आणि १९७२ सालचे ४, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार वगैरे लेखनाबद्दल आहेत. स्वल्पविराम कुठे द्यावा हे त्यांत नाही. म्हणजे या बाबतीत साहेब, मैत्रीण आणि शाळा तिघंही आपापली सवय सांगत आहेत. मीही माझीच सांगणार, फक्त कारणं देऊन.

साहेबांचा नियम अगदीच निराधार नाही. विरामचिन्हांचा उगम खरोखरच वाचणाऱ्याच्या दमात आहे. अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी ग्रीक पंडितांनी मजकुरात बिंदू द्यायला सुरुवात केली ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून. ‘कॉमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ कापलेला तुकडा. आधी हे नाव वाक्याच्या तुकड्याचं होतं, चिन्हाला ते नंतर मिळालं. आजचा शेपटीवाला आकार छपाईत पक्का झाला तो पंधराव्या शतकाच्या शेवटी, व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस याच्या छापखान्यात. पण आता तुमचा अहवाल सभेत मोठ्याने वाचला जाणार नाही. सभासद तो चहा पिता पिता मनातल्या मनात वाचणार, आणि मनात वाचताना दम लागत नाही. शिवाय दम प्रत्येकाचा वेगळा. दम्याच्या माणसाने तपासलेलं मुद्रित आणि पोहणाऱ्याने तपासलेलं मुद्रित वेगळं निघालं तर कसं चालेल?

आपल्याकडे हे चिन्ह फार उशिरा आलं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती, मग विरामचिन्हं कुठली! बाळबोध पोथ्यांत दंड असे, एक किंवा दोन, तेवढंच. इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्याबरोबर कोशाचं काम केलेले आणि पुढे सरकारी पाठ्यपुस्तकं तपासणारे ते हेच कँडी. १८५०च्या सुमारास त्यांनी विरामचिन्हांची परिभाषा सांगणारी पुस्तिकाही काढली. ‘स्वल्प’ म्हणजे सु अधिक अल्प, अगदी थोडा. हिंदीवाले नुसतं ‘अल्पविराम’ म्हणतात, आपण त्यालाही आणखी कमी केलं. छापखान्यात मात्र कोणाच्याही तोंडी ‘कॉमा’च.

मला या इतिहासातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पेशवाईतली पत्रं बिनचिन्हांची असूनही वाचणाऱ्याला कळत होती. का? कारण थांबे शब्दांतच होते. ‘त्यास’, ‘ऐसियास’, ‘तरी’, ‘जाणिजे’ हे शब्द आले की कारकुनाला कळे की एक मुद्दा संपला, दुसरा सुरू झाला. ‘बहुत काय लिहिणे’ आलं की मजकूर संपला. आजच्या मराठीतही हे सांधे शाबूत आहेत: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो, म्हणून, असून, की. स्वल्पविराम आला तेव्हा वाक्याचे सांधे आधीच तयार होते. त्यामुळे त्याला इथे इंग्रजीइतकं काम नाही, आणि जे आहे ते वेगळ्या ठिकाणी आहे.

इंग्रजीत एक जुना विनोद आहे: ‘चला, आजोबा, जेवूया’ यातले स्वल्पविराम काढले की आजोबाच ताटात येतात. स्वल्पविरामाचं महत्त्व पटवायला आपल्याकडचे शिक्षकही तो सांगतात. पण मराठीत करून बघा. ‘चला आजोबा जेवूया’ यात आजोबांच्या केसालाही धक्का लागत नाही. त्यांना खायचं तर ‘आजोबांना खाऊया’ म्हणावं लागेल. ‘ना’ हा प्रत्यय लावल्याशिवाय ते कर्म होतच नाहीत. हिंदीतलं ‘रोको मत जाने दो’ हेही तसंच. स्वल्पविराम ‘मत’च्या आधी दिला की अडवा, नंतर दिला की सोडा. मराठीत ‘अडवू नका जाऊ द्या’ याचा दुसरा अर्थ काढूनच दाखवा. ‘नका’ला ‘अडवू’ लागतं; अडवायचंच असेल तर ‘अडवा, जाऊ देऊ नका’. क्रियापदाचं रूपच बदलतं. विभक्ती आणि क्रियापदाची रूपं ही आपली खरी विरामचिन्हं.

मग स्वल्पविराम लागतो कुठे? जिथे ही रूपं आपल्याला दगा देतात तिथे.

पहिली जागा हाक मारण्याची. अनेकवचनात ‘मुलांनो’, ‘मित्रांनो’ म्हटलं की संबोधन स्पष्ट होतं. पण घरातल्या माणसांना आपण प्रत्यय लावत नाही. ‘आई आली का?’ आणि ‘आई, आली का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात आईची चौकशी आहे, दुसऱ्यात आईलाच विचारलं आहे की ती दुसरी कोणी आली का. ‘बाबा आले का’चंही तेच. व्हॉट्सॲपवर हा स्वल्पविराम सगळे गिळतात आणि मग ‘मी घरीच आहे की’ असं उत्तर येतं.

तशीच दुसरी जागा ‘नाही’ची. ‘नाही येणार’ म्हणजे येणार नाही. ‘नाही, येणार’ म्हणजे तुमचा समज चुकीचा आहे, मी येणार. केटररला निरोप पाठवताना एवढ्या एका चिन्हावर चाळीस पानांचा फरक पडू शकतो.

तिसरी जागा सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्याची (‘वाडा’, पण ‘वाड्यात’), आणि अहवाल लिहिणाऱ्याने हीच नीट समजून घ्यावी. ‘जुना वाड्यातला पलंग’ आणि ‘जुन्या वाड्यातला पलंग’ यांत घोळ नाही. जुनं काय, पलंग की वाडा, ते विशेषणाचं रूपच सांगतं. पण ‘जुन्या वाड्यातल्या विहिरी’ म्हणा. आता जुना वाडा की जुन्या विहिरी? स्त्रीलिंगी अनेकवचनही ‘जुन्या’ आणि वाड्याचं सामान्यरूप लागलं तरी ‘जुन्या’. रूप गप्प बसलं. इथे ‘जुन्या, वाड्यातल्या विहिरी’ असा स्वल्पविराम दिला तर विहिरी जुन्या ठरतात. दिला नाही तर वाचणारा विशेषण जवळच्या नामाला लावतो, म्हणजे वाडा जुना. दोन्ही चालेल, पण जे म्हणायचं आहे ते ठरवून लिहा.

असंच धातुसाधितांचं, म्हणजे ‘हसत’सारख्या क्रियापदापासून झालेल्या शब्दांचं. ‘शिक्षिका हसत वर्गात शिरणाऱ्या मुलाकडे बघत राहिल्या.’ हसतंय कोण? ‘हसत’नंतर स्वल्पविराम द्या, शिक्षिका हसतील. पण खरं सांगू का, असा स्वल्पविराम म्हणजे फाटलेल्या सदऱ्याला टाचणी. मुद्रितात मी तो देत नाही; लेखकाला फोन करतो आणि वाक्य हलवायला सांगतो: ‘वर्गात शिरणाऱ्या मुलाकडे शिक्षिका हसत बघत राहिल्या.’ मराठीत शब्द पुढेमागे हलवायची इतकी मुभा आहे की बहुतेक वेळा क्रम बदलला की चिन्हाची गरजच संपते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं आहे. तिथल्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी होती: साठवणूक वगैरे वगैरे, आणि शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असं वाचता येईल किंवा ‘पाठवणीसाठी पॅकिंग, किंवा वितरण’ असंही वाचता येईल अशी इंग्रजी शब्दरचना. ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट या दूध कंपनीचे गाडीवाले म्हणाले, आम्ही पॅकिंग करत नाही, फक्त वितरण करतो, तेव्हा आम्हाला जादा पैसे द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. आता वर मी त्या शब्दांचं मराठी करताना काय झालं ते पाहिलंत? मला दोन वेगळी वाक्यंच लिहावी लागली. ‘साठी’ एकदा द्यायचा की दोनदा, आणि ‘पॅकिंग’ कुठे ठेवायचं, हे ठरवल्याशिवाय मराठी पुढे सरकतच नाही. तो खटला मराठीत उभाच राहिला नसता. (अर्थात आपल्या शासन निर्णयांवर दुसऱ्या कारणांनी खटले उभे राहतात, तो भाग वेगळा.)

त्या खटल्यामुळे ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यायची टूम इथेही आली आहे. ‘आंबे, फणस, काजू, आणि नारळ’ असं कोणी लिहून आणलं की मी शेवटचा काढतो. मराठीत यादीतल्या ‘आणि’ला त्याची गरज नाही.

मराठी यादीचा खरा प्रश्न प्रत्ययाचा आहे, आणि तुमच्या अहवालात तो पानोपानी येईल. ‘अध्यक्ष, सचिव आणि खजिनदाराने सह्या केल्या’ हे चुकीचं वाटतं ना? कारण ‘ने’ हा प्रत्यय स्वल्पविराम ओलांडून मागे जात नाही. पहिले दोघं विभक्तीविना लटकतात. एक तर प्रत्येकाला प्रत्यय द्या, ‘अध्यक्षांनी, सचिवांनी आणि खजिनदारांनी’. नाही तर यादी पूर्ण करून शेवटी पिशवी बांधा: ‘अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी’. ‘पुणे, नाशिक व कोल्हापूर येथे’, ‘या शाखांमध्ये’, ‘यांच्याकडून’, या सगळ्या पिशव्याच. सरकारी मराठीची आपण टर उडवतो, पण ही युक्ती तिने फार चांगली सांभाळली आहे.

नावांच्या यादीत मात्र डोळ्यांत तेल घालून स्वल्पविराम तपासा. आपल्याकडे माणसाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं, म्हणून ‘विनायक गणेश’ हा एक माणूस आणि ‘विनायक, गणेश’ हे दोन. मी प्रेसमध्ये नवा असताना एका लग्नपत्रिकेत, ‘आपले विनीत’च्या खाली, थोरल्या काकांच्या नावापुढचा स्वल्पविराम माझ्या नजरेतून सुटला आणि धाकटे काका त्यांचे वडील झाले. पत्रिका छापून गठ्ठे बांधले गेले होते. दोन संध्याकाळी बसून, काळ्या शाईच्या पेनाने, प्रत्येक पत्रिकेवर एकेक शेपटी मी हाताने काढली आहे. तेव्हापासून यादी मी शेवटून वाचतो. उलटं वाचलं की सवयीने पुढे पळता येत नाही.

मालिका विशेषणांची असेल तर एक साधी परीक्षा आहे: मध्ये ‘आणि’ घालून बघा. ‘शांत, मनमिळाऊ, कष्टाळू सून’ यात ‘शांत आणि मनमिळाऊ’ म्हणता येतं, म्हणून स्वल्पविराम. ‘एक लहान लाकडी पेटी’ यात ‘लहान आणि लाकडी’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून नको. द्विरुक्तीत तर कधीच नको. ‘लहान लहान मुलं’, ‘गरम गरम भजी’. हल्ली अनुवादित मजकुरात ‘मोठी, मोठी घरं’ दिसायला लागली आहेत, ती घरं कुठून आली ते लगेच कळतं. तसंच वर्तमानपत्रांतलं ‘दरम्यान,’ आणि ‘मात्र,’. ‘मात्र, त्यांनी नकार दिला’ यातल्या ‘मात्र’ला स्वल्पविराम चिकटवायचं काही कारण नाही, आणि खरं तर ‘मात्र’ला वाक्याच्या सुरुवातीला उभं राहायचंही नाही. ‘त्यांनी मात्र नकार दिला’ म्हणा, वाक्य आपलं वाटेल.

आता ‘की’. मैत्रिणीचं तर्कशास्त्र असं: ‘की’ हा पुढच्या वाक्याचा शब्द, म्हणून तुकडा त्याच्या आधी पडतो, ‘तो म्हणाला, की मी येतो’. व्याकरणाने हे बरोबर आहे. तुमच्या शाळेने कानावर भरवसा ठेवला. बोलताना आपण ‘की’ला मागच्या शब्दाला चिकटवतो आणि मग थांबतो: ‘तो म्हणाला की… मी येतो’. उच्चाराने हेही बरोबर. दोन्ही पद्धतींनी चांगली पुस्तकं छापलेली आहेत. मी स्वतः दोन्हीकडे देत नाही. जोडायचं काम ‘की’ने केलेलंच आहे, ‘तो म्हणाला की मी येतो’ हे कोणालाही अडत नाही. ‘की’ नसेल तेव्हा मात्र त्याची जागा चिन्हाने भरावी लागते: ‘तो म्हणाला, मी येतो’. अवतरणचिन्ह असेल तर स्वल्पविराम त्याच्या आधी. आणि पर्याय विचारणारा ‘की’, ‘रोख की धनादेश?’, त्याच्या वाटेला तर जाऊच नका. तुमच्या संस्थेत आधीपासून एखादी पद्धत चालत असेल तर ती चालू द्या, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच ठेवा.

जर-तर, जेव्हा-तेव्हा अशा जोडीने येणाऱ्या शब्दांनाही हाच हिशेब. वाक्यं लांब असली की ‘तर’, ‘तेव्हा’, ‘त्यांनी’ यांच्या आधी स्वल्पविराम द्या, म्हणजे सांधा दिसतो. छोटी असली की सोडा. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ याला काय करायचाय? याउलट ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ यात तो हवा, कारण तिथे जोडणारा शब्दच गाळलेला आहे आणि चिन्ह त्याच्या जागी उभं आहे. ‘बहीण पुण्यात राहते, भाऊ नाशकात’ यातही गाळलेल्या क्रियापदाची भरपाई तेच करतं. आणि ‘आम्ही, भारताचे लोक,’ हे तर बालभारतीच्या पुस्तकात आपण वर्षानुवर्षं वाचलं आहे. ‘आम्ही’ कोण ते मध्येच सांगितलं, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. असं मध्ये घातलेलं काही असेल तर चिन्हं दोन लागतात. एक देऊन दुसरं विसरणं ही मुद्रितातली सगळ्यात नेहमीची चूक.

उलट, कर्ता कितीही लांब असला तरी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम टाकू नका. ‘मार्चअखेर हप्ता न भरलेल्या सर्व शाखांतील सभासदांनी, कार्यालयात यावे’ यातला तो दमाचा स्वल्पविराम आहे, अर्थाचा नाही.

आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण अहवाल आहे. आपला हिशेब लाखाचा: १२,३४,५६७. एक्सेलमधून तक्ता उचलला तर पुष्कळदा १,२३४,५६७ असं येतं आणि तपासणारा बिचारा मोजत बसतो. जर्मनीत राहणाऱ्या सभासदाला कागद पाठवणार असाल तर आणखी जपा. तिकडे १,५ म्हणजे दीड.

टंकताना स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडू नका, नंतर एक सोडा. आधी जागा सोडली की ओळ तुटते तेव्हा तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा येऊन बसतो.

आता तुमचं वाक्य. त्यातली खरी शंका ही: ‘मागील वर्षी’ कशाला लागू? कर्ज मागील वर्षी दिलं, की नोटिसा मागील वर्षी पाठवल्या? ‘वर्षी’नंतरचा स्वल्पविराम नोटिसांकडे ढकलतो, पण तो अर्थाने दिलाय की दमाने ते वाचणाऱ्याला कसं कळणार? कर्ज मागील वर्षीचं असेल तर असं लिहा:

‘मागील वर्षी कर्ज दिलेल्या सभासदांपैकी थकबाकीदारांना संस्थेने नोटिसा पाठवल्या आहेत. जे सभासद हप्ते भरणार नाहीत, त्यांच्यावर कायदेशीर कारवाई करण्याचा निर्णय संचालक मंडळाने घेतला आहे.’

नोटिसा मागील वर्षीच्या असतील तर पहिलं वाक्य ‘कर्ज दिलेल्या सभासदांपैकी थकबाकीदारांना संस्थेने मागील वर्षी नोटिसा पाठवल्या’ असं होईल. दोन्हींत मिळून स्वल्पविराम एकच उरला आणि ‘की’ची भानगडही गेली. या दोनपैकी कोणतं खरं ते वसुली विभागाला विचारून घ्या.